मदत हवी आहे: भुईकाट्याच्या प्रोग्रामच्या टेम्प (तात्पुरत्या) फाइली आपोआप कशा साफ करायच्या? सी ड्राइव्ह गळ्यापर्यंत आलाय

काटेवाला:
नमस्कार मंडळी. मी नाशिकला सिडकोत राहतो. पिंपळगाव बसवंतजवळ मामांचा भुईकाटा आहे. जुना प्रोग्राम पावतीवर गाडीचा नंबर अर्धाच छापायचा, म्हणून गेल्या दिवाळीत मी पायथॉनमध्ये नवा लिहून दिला. भरलेली गाडी, रिकामी गाडी, वजाबाकी, पावती. एवढंच काम.

पावतीची पीडीएफ विंडोजच्या टेम्प फोल्डरमध्ये बनते आणि सुमात्रा पीडीएफ (पीडीएफ उघडणारा छोटा प्रोग्राम) ती प्रिंटरला पाठवतो. पायथॉनच्या नेम्ड टेम्पररी फाइलमध्ये काम झालं की फाइल आपोआप पुसायची सोय आहे, पण विंडोजवर ती आपल्याकडे उघडी असेपर्यंत दुसऱ्या प्रोग्रामला उघडता येत नाही. म्हणून मी डिलीटला फॉल्स दिलं, म्हणजे आपोआप पुसणं बंद केलं, आणि झाडू माझ्या हातात आला.

पहिल्यांदा प्रोग्राम बंद होताना सगळं पुसायचं ठरवलं, अ‍ॅटएक्झिट वापरून. पण काट्यावर प्रोग्राम रीतसर बंद होतोच कुठे? एकतर लाइट जाते (इन्व्हर्टरची बॅटरी केव्हाच बसलीय), नाहीतर स्क्रीन अडकली की मामी सरळ बोर्डावरचं बटण दाबते. मग दुसरा उपाय केला: सुरू होतानाच आधीच्या सगळ्या पावत्या पुसायच्या. त्याने तर पंचाईतच केली. उन्हाळ कांद्याची गर्दी, बाहेर ट्रॅक्टरची रांग, आणि एका शेतकऱ्याची पावती निघेचना. प्रोग्राम म्हणतो फाइल सापडत नाही. नंतर कळलं की मामीने आयकॉनवर दोन वेळा क्लिक केल्यामुळे दोन खिडक्या उघडल्या होत्या. पहिलीने पीडीएफ लिहिली, सुमात्राने ती उघडायच्या आत दुसरीने झाडून टाकली. मामांनी हाताने पावती लिहून दिली. मला फोनवर काय ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.

१२० जीबीची एसएसडी आहे, त्यात ३ जीबी उरलेत. आपोआप साफ होईल आणि चालू काम मोडणार नाही, असं कसं करू?

गोदाकाठ:
सी-क्लीनर (साफसफाईचा तयार प्रोग्राम) टाका, नाहीतर टेम्प फोल्डर रिकामं करणारी दोन ओळींची बॅच फाइल रोज सकाळी चालवा. आम्ही दुकानात तेच करतो.

जुना प्रोग्रामर:
गोदाकाठ, तुमच्या दुकानात चालत असेल, इथे नको. कारण पुढे येतंच आहे.

काटेवाला, आधी दोन प्रश्न. टेम्पमध्ये नक्की कशाने किती जागा खाल्लीय ते मोजलंत का? आणि मामींना एक्झी फाइल (क्लिक केली की चालणारी) कशी करून दिलीत? पायइन्स्टॉलरने, म्हणजे पायथॉनच्या प्रोग्रामची एक्झी बनवणाऱ्या टूलने, सगळं एकाच फाइलमध्ये?

काटेवाला:
हो, पायइन्स्टॉलरच, वन-फाइल. मामीच्या डेस्कटॉपवर एकच आयकॉन हवा होता. मोजलं नाही, पण पावत्याच असणार ना, दिवसाला सव्वाशे-दीडशे गाड्या होतात.

जुना प्रोग्रामर:
असणार म्हणू नका, मोजा. टेम्प उघडा आणि अंडरस्कोअर लावून एम-ई-आय अशा अक्षरांनी सुरू होणारी फोल्डरं किती आहेत ते सांगा.

काटेवाला:
साहेब, बसलोय डोक्याला हात लावून. आज सुट्टी होती म्हणून काट्यावरच आलो. पावत्यांच्या पीडीएफ हजारो आहेत, पण त्या सगळ्या मिळून २ जीबीसुद्धा नाहीत. आणि तुम्ही म्हणता ती फोल्डरं ४८७! एकेक ९५ एमबीच्या आसपास, म्हणजे ४६ जीबी. आठ महिने मी पावत्यांच्या मागे लागलो होतो.

जुना प्रोग्रामर:
वाटलंच. वन-फाइल म्हणजे एक गाठोडं. प्रोग्राम सुरू केला की दरवेळी ते टेम्पमधल्या नव्या फोल्डरमध्ये सोडलं जातं आणि नीट बंद केल्यावर पुसलं जातं. टास्क मॅनेजरने मारला, क्रॅश झाला किंवा वीज गेली तर पुसायला कोणी उरतच नाही. पायइन्स्टॉलरच्या मॅन्युअलमध्येच हे लिहिलंय. तुमचं अ‍ॅटएक्झिटही त्याच कारणाने फसलं.

आता तुमची दोन खिडक्यांची भानगड. जुनं मशीन, ९५ एमबीचं गाठोडं, वर अँटीव्हायरस प्रत्येक फाइल हुंगतो. सुरू व्हायला वीस-पंचवीस सेकंद लागत असतील. माणूस काय करणार? पुन्हा क्लिक. मामींना बोल लावू नका.

तेव्हा वन-फाइल सोडा आणि वन-डिर करा. सुटं फोल्डर सी ड्राइव्हवर एकदाच ठेवायचं, डेस्कटॉपवर फक्त शॉर्टकट. मामींचा आयकॉन एकच राहील, टेम्पमध्ये काही सुटणार नाही आणि प्रोग्राम चटकन उघडेल.

बॅच फाइलला नको म्हणालो ते यासाठी: प्रोग्राम चालू असताना तिने त्याच्या फोल्डरवर हात टाकला तर वापरात असलेल्या डीएलएल (प्रोग्रामला लागणाऱ्या कोडच्या फाइली) विंडोज पुसू देत नाही, पण त्या क्षणी उघडे नसलेले फॉन्ट, लोगो, न लागलेली मोड्यूलं पुसली जातात. अर्धा प्रोग्राम जिवंत, अर्धा गायब. तो नेमका भर गर्दीत बंद पडतो.

सातपूरकर:
जुनी फोल्डरं काढताना माझी एक युक्ती. पुसण्याआधी फोल्डरचं नाव बदलून बघायचं. आतली एखादी फाइल जरी उघडी असली तरी विंडोज नाव बदलू देत नाही, म्हणजे ते जिवंत, सोडून द्या. बदललं तर मेलेलं, खुशाल उडवा. पायइन्स्टॉलरने बनवलेला दुसरा एखादा प्रोग्राम मशीनवर असेल तर त्याचीही फोल्डरं याच नावाची असतात, म्हणून हे करा.

थोडं अवांतर: आमच्या वर्कशॉपमध्ये एका व्हेंडरचं डॉट नेटमधलं (मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रामिंग प्रणालीतलं) सॉफ्टवेअर एके दिवशी 'फाइल आधीच आहे' असं म्हणून बंद पडलं. डिस्क निम्मी रिकामी होती! टेम्प फाइल मागण्याची ती जुनी पद्धत नावात फक्त चार हेक्स अंक फिरवते, ६५,५३५ फाइली साचल्या की नावंच संपतात. डॉट नेट ८ पासून ही अडचण गेली. पायथॉन नावं वेगळ्या तऱ्हेने पाडतो, तुम्हाला तो धोका नाही.

काटेवाला:
४८७ मधली ४८६ गेली. एकाचं नाव बदलेना, ते चालू असलेलंच निघालं. सी ड्राइव्हवर आता ४८ जीबी मोकळे. वन-डिर केलं, तीन सेकंदांत उघडतो. मामी म्हणते, नवीन कॉम्प्युटर आणला का?

पावत्यांचं काय करू?

जुना प्रोग्रामर:
शेतकरी दुसऱ्या दिवशी येऊन पावती हरवली म्हणतात का?

काटेवाला:
आठवड्यातून दोन-तीन तरी.

जुना प्रोग्रामर:
मग तिला टेम्पमध्ये ठेवूच नका. अ‍ॅपडेटामध्ये (विंडोजमध्ये प्रोग्राम आपला डेटा ठेवतात त्या फोल्डरमध्ये) प्रोग्रामच्या नावाचं स्वतःचं फोल्डर करा, त्यात पावत्या. प्रोग्राम सुरू होताना फक्त सात दिवसांपेक्षा जुन्या असतील त्याच पुसा. एखादी पुसताना एरर ३२ आली, म्हणजे दुसऱ्या कोणी उघडून ठेवलीय, तर गप्प पुढे जा, उद्या जाईल. वजनं डेटाबेसमध्ये आहेतच, सात दिवसांनंतर कोणी आलं तर पीडीएफ पुन्हा बनवता येते. विंडोज १० मधलं स्टोरेज सेन्स (नको त्या फाइली आपोआप पुसायची सोय) चालू करायला हरकत नाही, फक्त डाउनलोड्सचा पर्याय 'कधीच नाही'वर ठेवा. मामांची कागदपत्रं तिथेच पडलेली असतील, पैज लावतो.

काटेवाला:
पैज जिंकलात.

दुसरी खिडकी उघडूच नये म्हणून मी सुरुवातीला एक लॉक फाइल बनवतो. ती दिसली की 'प्रोग्राम आधीच चालू आहे' असा निरोप. ठीक ना?

काटेवाला:
(चार दिवसांनी) नाही, ठीक नाही. काल रात्री लाइट गेली. आज सकाळी सहाला मामांचा फोन, 'आधीच चालू आहे म्हणतो आणि उघडत तर नाही!' लॉक फाइल तशीच राहिली होती. फोनवरून मामीला अ‍ॅपडेटापर्यंत न्यायला पंधरा मिनिटं लागली. बाहेर सात गाड्या.

सातपूरकर:
हाहा, साफसफाई करायला निघालात आणि आणखी एक टेम्प फाइल मागे ठेवलीत. विंडोजचा नाव दिलेला म्युटेक्स वापरा, म्हणजे एका वेळी एकालाच मिळणारं मेमरीतलं कुलूप. तो डिस्कवर नसतोच. प्रोग्राम कसाही मेला तरी विंडोज तो सोडवते.

काटेवाला:
केलं. मुद्दाम टास्क मॅनेजरने पाच वेळा मारून पाहिलं, पाचही वेळा सरळ उघडला. दोनदा क्लिक केलं तर आधीचीच खिडकी पुढे येते. धागा एवढ्यात बंद करू नका, लाल कांदा सुरू झाला की गाड्या दुप्पट होतात, तेव्हा फोल्डर मोजून इथे आकडा टाकतो. इन्व्हर्टरची बॅटरी मामांनी अजून बदललेली नाही.