शब्दचर्चा : 'जबाबदार' म्हणजे नक्की कोण?

भाच्याला स्पायडरमॅनची पहिली गोष्ट मराठीत सांगत होतो, १९६२ची, अमेझिंग फँटसी या कॉमिकच्या १५व्या अंकातली, स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटकोची, आणि शेवटच्या चौकटीतल्या त्या प्रसिद्ध ओळीपाशी अडलो. ताकद मोठी तर जबाबदारी पण मोठी, असं म्हणालो (ही ओळ स्पायडरमॅनच्या बेनकाकांची समजतात लोक, त्या अंकात ती निवेदकाची आहे) तर भाचा म्हणतो, जबाबदारी म्हणजे चूक कोणाची ते ना?

आधी वाटलं घोळ घालतोय, पण खरंच की, 'अपघाताला जबाबदार कोण' यात जबाबदार म्हणजे दोषी आणि 'पोरगी फार जबाबदार आहे' म्हटलं की कौतुक. पीटर, म्हणजे स्पायडरमॅन, दोन्ही अर्थांनी जबाबदार आहे, चोर समोरून पळत होता, अडवणं हातात होतं, नाही अडवलं, त्यानेच पुढे काकांना मारलं. 'कर्तव्य' शब्द घातला तर ही टोचणीच जाते, म्हणून मला तो नको वाटतो. तुम्ही काय वापराल? उत्तरदायित्व?

प्रतिसाद : उत्तरदायित्व नको, ते सरकारी कागदात ठीक, मुलांना सांगताना कोण बोलतं असं. अर्थ तसा तोच आहे, उत्तर देणारा तो उत्तरदायी. जबाब अरबीतून फारसीमार्गे आला आणि 'दार' दुकानदारातला. 'जाब विचारणे' मधला जाबसुद्धा हाच जबाब. म्हणजे ज्याला जाब विचारता येतो तो जबाबदार, दोन्ही अर्थ तिथूनच फुटलेत.

प्रतिसाद : जाब वरून ग्रीन लँटर्नचा, म्हणजे अंगठीच्या ताकदीवर लढणाऱ्या कॉमिकमधल्या नायकाचा, ७६वा अंक आठवला, १९७०, डेनी ओ'नील आणि नील ॲडम्सचा. एक म्हातारा कृष्णवर्णीय माणूस त्याला विचारतो की निळ्या, नारिंगी, जांभळ्या कातडीच्या लोकांसाठी परग्रहांवर राबलास, मग काळ्या कातडीच्यांसाठी का नाही केलंस काही, दे उत्तर. आणि एवढी ताकदवान अंगठी बोटात असून तो मान खाली घालतो, उत्तरच नाही त्याच्याकडे. मला ते पान अजून हलवतं. त्याने कोणाला मारलं नाही की लुटलं नाही, दोषी म्हणता येत नाही, पण जाब द्यावा लागतोच.

मूळ धागाकर्ता : वा, हे फार पटलं, जबाबदारीच ठेवतो मग. पण आता पुढचा पेच, १९७३चा अमेझिंग स्पायडरमॅन १२१. खलनायक ग्रीन गॉब्लिन पीटरच्या प्रेयसीला, ग्वेनला पुलावरून ढकलतो, पीटर जाळं टाकून पाय पकडतो, आणि तिच्या मानेपाशी छोटासा 'स्नॅप', म्हणजे मोडल्याचा आवाज, लिहिलाय. नंतर वाचकांच्या पत्रांच्या पानावर खुलासा आला की त्या झटक्यानेच ती गेली. इथे दोषी गॉब्लिन, कारणीभूत झटका, इथवर शब्द सापडतात. पीटरने तर या वेळी वाचवायला हात पुढे केला होता, त्याला जबाबदार म्हणायला जीभ रेटत नाही आणि तो स्वतःला दुसरं काही म्हणवून घेणार नाही. या तिसऱ्यासाठी कोणाकडे शब्द आहे?