'आध्यात्मिक काळजी' म्हणायचं का?

बेळगावहून प्रश्न : नर्सिंग शिकणाऱ्या मुलींसाठी मराठीत टिपण करतेय. अभ्यास इंग्रजीत, घरी मराठी, वॉर्डात निम्मं कन्नड. 'स्पिरिच्युअल केअर'ला (म्हणजे पेशंटची श्रद्धा, भीती, 'माझ्याच वाट्याला का?' असले प्रश्न सांभाळणं) 'आध्यात्मिक काळजी' लिहिलं, तर सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे दवाखान्यात भजन लावणार व्हय?" दुसरा शब्द सुचवा की.

निपाणीहून : अडचण 'काळजी'त आहे. आपण काळजी घेतो तशी काळजी करतोही, आणि नुसतं 'काळजी' म्हटलं की आधी चिंताच आठवते. 'पारमार्थिक सेवा' तर नकोच, लगेच वारी डोळ्यांपुढे येते.

खानापूरहून : 'शुश्रूषा' हा शब्द घरात असताना बाहेर का शोधताय, ताई? 'श्रु' म्हणजे ऐकणे, त्याचं इच्छादर्शक रूप. 'ज्ञा'वरून जिज्ञासा, 'पा'वरून पिपासा, तशी 'श्रु'वरून शुश्रूषा. मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. आधी गुरूचं ऐकणं, मग गुरूची सेवा (गुरुशुश्रूषा), मग आजाऱ्याची. कन्नडमध्येही 'शुश्रूषे' आहेच, म्हणजे वॉर्डात दोन्हीकडच्या माणसांना कळेल.

मी वीस वर्षं वॉर्डात काढली. एका माळकरी आजोबांना ऑपरेशनला न्यायचं होतं. गळ्यातली माळ काढायला तयार होईनात. नवी मुलगी कात्री घेऊनच आली. मी तिला थांबवलं, स्टुलावर बसले आणि विचारलं, "आजोबा, काढली तर काय होईल वाटतंय?" म्हणाले, "बाई, आतच काय झालं तर बिनमाळेचा जाईन की." भीती ऑपरेशनची नव्हतीच. भुलीच्या डॉक्टरांना विचारलं, सलाइन नसलेल्या मनगटावर माळ गुंडाळली, वर गॉज आणि चिकटपट्टी. स्ट्रेचरवर दुसऱ्या हातानं ती चाचपत गेले. यात मी कुठलं अध्यात्म सांगितलं? ऐकलं तेवढं.

निपाणीहून : व्युत्पत्ती पटली. पण आज शुश्रूषा म्हणजे ड्रेसिंगपासून बेडपॅनपर्यंत सगळंच. मग हा वेगळा भाग दाखवायचा कसा? सिसिली साँडर्स या इंग्रज डॉक्टरबाईंनी 1967 मध्ये लंडनला सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस (शेवटच्या दिवसांतल्या रोग्यांची शुश्रूषा करणारी संस्था) सुरू केलं. त्यांनी मरणाच्या वाटेवरच्या माणसाचं दुखणं चार अंगांनी मांडलं : शरीराचं, मनाचं, नात्यागोत्याचं आणि चौथं हे आपलं 'स्पिरिच्युअल'. चौथ्याला नाव हवंच. साधं 'धीर देणं' चालेल?

खानापूरहून : नाही हो. धीर देणारा बोलत सुटतो. "काही होत नाही, देव आहे" म्हटलं की पेशंटचं तोंड बंद. शिवाय देव न मानणाराही रात्री तीनला "माझ्याच वाट्याला का?" विचारतो. त्याला अंगारा देऊन काय उपयोग?

चिकोडीहून : चरकसंहितेत उपचाराचे चार पाय आहेत : वैद्य, औषध, परिचारक, रोगी. परिचारकाचे गुणही चार : उपचाराचं ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी अनुराग, शुचिता. तुमचं चौथं अंग मला त्या 'अनुरागा'त दिसतं. पण मथळ्यात तो घालू नका, मुली हसतील!

बेळगावहून : मथळा 'आध्यात्मिक शुश्रूषा' ठेवतेय, खाली व्युत्पत्ती आणि नाव न घेता माळेचा प्रसंग. चालेल ना, बाई?

खानापूरहून : चालेल की. फक्त पहिला 'शु' ऱ्हस्व, दुसरा 'श्रू' दीर्घ. आमच्याकडे एका फलकावर 'सुश्रुषा' रंगवलंय, रोज डोळ्यांत खुपतं.