देणगीचा हिशेब ब्लॉकचेनवर ठेवावा का? सल्ला हवा

पाटीपेन्सिल: आमचा १५-२० जणांचा गट मुलांच्या शालेय साहित्यासाठी वर्गणी जमवतो. दरवर्षी कोणीतरी विचारतंच, "माझे पैसे नक्की कुठे गेले?" एक सभासद म्हणतो, सगळं ब्लॉकचेनवर टाकू, प्रश्नच मिटेल. खरंच मिटतो का?

रोजकीर्द: अर्धा मिटतो. ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली, एकमेकींना जोडलेल्या नोंदींची साखळी. सार्वजनिक, म्हणजे सगळ्यांना खुल्या साखळीवर चढलेली नोंद गुपचूप खोडता येत नाही, आणि वॉलेटचा (डिजिटल पैशाच्या खात्याचा) पत्ता जाहीर केलात की आवक-जावक कोणालाही दिसते. पण साखळीला कळतं ते एवढंच, की या पत्त्यावरून त्या पत्त्यावर रक्कम गेली. दुकानदाराने वह्या दिल्या की नुसतंच बिल फाडलं, हे तिला कुठून कळणार? ती नोंद शेवटी माणूसच करतो. खोटी केली तर तीही अमर! शिवाय वर्गणी रोखीत येत असेल, तर ती साखळीवर चढेपर्यंत सगळा अंधारच.

घारू: सहमत, पण इतकंही मोडीत काढू नका. संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाने २०१७ मध्ये जॉर्डनमधल्या अझराक छावणीत 'बिल्डिंग ब्लॉक्स' सुरू केलं. सुमारे १०,००० सीरियन निर्वासित दुकानात बुबुळ स्कॅन करून सामान घ्यायचे, खर्च साखळीवर नोंदला जायचा. बँकांचं शुल्क त्यात बरंच वाचलं. मात्र ती साखळी खासगी. बाहेरच्या देणगीदाराला तिच्यात डोकावायची सोय नाही.

रोखीचा मुद्दा निघालाच आहे म्हणून: युनिसेफचा २०१९ चा क्रिप्टोफंड बिटकॉइन आणि ईथर ही डिजिटल चलनं (क्रिप्टो) घेतो आणि त्याच चलनात पुढे देतो. मधलं रूपांतरच गळतं.

पाटीपेन्सिल: मुलांची नावं टाकली तर पुरावा पक्का होईल ना?

रोजकीर्द: अजिबात नको! मूल मोठं झालं तरी 'मदत घेतली' हा शिक्का तिथेच राहणार. वॉलेट घ्यायचंच तर मल्टिसिग घ्या, पाचांपैकी तिघांच्या मंजुरीशिवाय पैसे हलणार नाहीत असं. बिलं साइटवर ठेवा, साखळीवर फक्त त्यांचा हॅश, म्हणजे बिलाच्या फाइलवरून गणिताने काढलेली छोटी खूण. नंतर बिलातला एक आकडा जरी बदलला, तरी हॅश जुळणार नाही.

ताकपिता: रुक्ष सल्ला देतो. १५-२० जणांना साखळी कशाला? दर महिन्याला बँकेचा उतारा आणि बिलं सगळ्यांना पाठवा. आणि गटाबाहेरच्या कोणालातरी न सांगता शाळेत धाडून वह्या मोजून घ्या. हे काम कुठलीच साखळी करत नाही.

पाटीपेन्सिल: उतारा या महिन्यापासूनच. मल्टिसिगचं क्रिप्टोत देणारे भेटले तर बघू. गटाबाहेरचा माणूस शोधायचं काम ब्लॉकचेनवाल्या सभासदाच्या गळ्यात घालते :)