मदत हवी आहे: एनटी स्कॅनमध्ये ३.८ आलंय, पुढे काय करावं? (नाशिक)

नमस्कार मंडळी. बायकोला बारा आठवडे चार दिवस झालेत, वय ३१, पहिलंच बाळ. परवा एनटी स्कॅन केला. सोनोग्राफी करताना डॉक्टर बोलता बोलता एकदम गप्प झाले आणि माझ्या पोटात गोळाच आला. रिपोर्टमध्ये एनटी ३.८ मिमी, सीआरएल (बाळाची डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतची लांबी) ६२ मिमी, नाकाचं हाड दिसतंय. म्हणजे बाळाच्या मानेमागे कातडीखाली पाणी जास्त आहे, ३.५ च्या वर गेलं की पुढची तपासणी सांगतातच म्हणे. पण हे मला नंतर वाचून कळलं, तिथे दोन मिनिटांत "अम्निओ करून घ्या" (पोटातून सुई घालून गर्भजल काढून तपासतात ते) एवढंच सांगून फाइल हातात दिली, कशासाठी, कधी, धोका काय, काही नाही. गंगापूर रोडपासून सिडकोपर्यंत रिक्षात ती एक शब्द बोलली नाही.

आई म्हणते हातपाय दिसले, ठोके नीट आहेत, मग पोटात सुई कशाला, पाचव्या महिन्याच्या मोठ्या सोनोग्राफीपर्यंत थांबा. सासूबाई वणीच्या देवीला नवस बोलून आल्यात. मला थांबणं पटत नाहीये पण घाईत बाळाला काही झालं तर, हीपण भीती आहेच.

एनटी वाढलं की डाउन सिंड्रोमची (गुणसूत्रांच्या दोषाची) शंका घेतात, मग मोठ्या सोनोग्राफीत ते नक्की कळतं का? आणि सुई टाळून फक्त रक्तावर होणारी एनआयपीटी केली तर चालेल का?

प्रतिसाद १:
दादा, आमचं एनटी ४.१ होतं, त्यामुळे तुमची अवस्था कळतेय. सोनोग्राफीत बाळाची रचना दिसते, गुणसूत्रं नाही दिसत. डाउन असलेल्या बऱ्याच बाळांचा पाचव्या महिन्याचा स्कॅनसुद्धा साफ येतो, म्हणून त्यावर विसंबून राहू नका. एनआयपीटी चाळणी आहे, पक्कं निदान नाही, आणि एनटी एवढं असताना तिच्यात न सापडणारे दोषही असू शकतात. पक्कं सांगायला सीव्हीएस (सुईने वारेचा छोटा नमुना घेऊन तपासतात) किंवा अम्निओच. सीव्हीएस ११ ते १४ आठवड्यांत होते म्हणजे तुमच्याकडे दिवस थोडे आहेत, अम्निओ साधारण सोळाव्यानंतर. दोन्हीत गर्भपाताचा धोका असतो पण सरावाच्या हातात तो फार कमी. फीटल मेडिसिनवाल्या, म्हणजे पोटातल्या बाळाच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडेच जा आणि कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांच्या मूळ तपासणीसोबत, त्यांतले बारीक दोष दाखवणाऱ्या मायक्रोअ‍ॅरेचं विचारा. आमचे रिपोर्ट नॉर्मल आले, तरी वाढलेल्या एनटीमुळे बाळाच्या हृदयाचा इको (खास हृदयाची सोनोग्राफी) सांगितला, त्यात दोष दिसला, म्हणून बाळंतपण मुंबईला करायचं आधीच ठरवता आलं. गुणसूत्रं नीट आली तरी इको सोडू नका.

मूळ धागाकर्ता:
ताई, खूप आधार वाटला. तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला, ती दोनदा ऐकून "बरं, जाऊन या" म्हणाली. उद्या सकाळीच फीटल मेडिसिनची अपॉइंटमेंट घेतो, सीव्हीएसचे दिवस जायला नकोत. बायको आता वहीत प्रश्न लिहितेय, तिने पहिला तुमच्यासाठीच लिहिलाय: सुईनंतर तुम्ही किती दिवस आराम केलात, आणि त्यावेळी सोबत कोण होतं?