ओशावाचे सात कप की सिक्स नेशन्सचा एक? ज्युनियर बॉक्स लॅक्रॉसचा इतिहास कुठून सांगायचा?

पार्थचा बाबा, ब्रॅम्प्टन

माझा मुलगा तीन वर्षं इथे कॅनडात बॉक्स लॅक्रॉस खेळतोय. मागच्या आठवड्यात त्यांच्या संघाच्या जेवणाला एका जुन्या प्रशिक्षकांनी मुलांना आमच्या ओंटारियो प्रांताच्या ज्युनियर ए लीगचा इतिहास सांगितला. वीस मिनिटं बोलले, त्यातली पंधरा ओशावा ग्रीन गेल्स या संघावर. 1963 ते 1969, ओळीने सात मिंटो कप. हाच लीगचा सुवर्णकाळ, असं म्हणाले. मला ते पटलं नाही. तेव्हापासून डोक्यात घोळतंय, म्हणून इथे मांडतो.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात: आइस हॉकीच्या रिंकमधला बर्फ उन्हाळ्यात काढतात आणि खालच्या काँक्रीटवर हा खेळ होतो. प्रत्येक बाजूला पाच खेळाडू आणि एक गोली. काठीच्या टोकाला जाळी, त्यात भरीव रबराचा चेंडू. चेंडू ताब्यात आला की तीस सेकंदांत गोलवर मारायचा. आमचा पार्थ रोज संध्याकाळी गॅरेजच्या भिंतीवर चेंडू मारतो. एकदा उजव्या हाताने, एकदा डाव्या हाताने. भिंतीवर खालपासून खांद्यापर्यंत काळे गोल ठसे उमटलेत.

आणि मिंटो म्हणजे आपण शाळेत पाठ केलेल्या मोर्ले-मिंटो सुधारणांमधलाच. भारतात व्हाइसरॉय होऊन येण्याआधी तो कॅनडाचा गव्हर्नर जनरल होता. 1901 साली त्याने हा कप दिला. 1937 पासून तो ज्युनियर गटाचा राष्ट्रीय कप आहे.

आता माझा मुद्दा. हा खेळ हौदेनोसौनी या मूळनिवासी लोकांचा, म्हणजे मोहॉक, कयूगा, ओनोंडागा, वनायडा, सेनेका आणि टस्करोरा या सहा राष्ट्रांचा. त्यांच्यासाठी ती निर्मात्याने दिलेली देणगी आहे, औषध आहे. माँट्रियलच्या जॉर्ज बीअर्स नावाच्या दंतवैद्याने 1860 च्या दशकात त्याचे नियम लिहिले. पुढे 1880 साली, हे पैसे घेऊन खेळतात म्हणजे हौशी नाहीत, असं कारण देऊन मूळ मालकांनाच राष्ट्रीय स्पर्धांतून बाहेर काढलं. ज्यांचं घर त्यांनाच उंबरठ्याबाहेर उभं केलं! मग 1992 साली सिक्स नेशन्स या त्यांच्या ओंटारियोतल्या वस्तीच्या अॅरोज संघाने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या गावच्या पोरांसह मिंटो कप जिंकला, ती या लीगच्या इतिहासातली सगळ्यात मोठी घटना नाही का? मुलांना तिथून इतिहास सांगायला हवा.

ओशावाचा शेजारी

भावना समजली, पण तुम्ही ओशावावर अन्याय करताय. सात कप आभाळातून पडले नाहीत. ग्रीन गेल्सचे प्रशिक्षक जिम बिशप यांनी अगदी लहान पोरांपासून संघांची उतरंड लावली. खालच्या वयोगटातला मुलगा वर येईपर्यंत त्याच पद्धतीने खेळायला शिकलेला असे. दमसास हा त्यांचा ध्यास होता. बिशपची पोरं शेवटच्या वीस मिनिटांतही पहिल्यासारखी पळायची. आज ओंटारियोतला प्रत्येक क्लब मुलांना वयोगटांतून वर आणतो, ते कुणाचं बघून? लीग पोरं घडवण्यावर चालते. तुमच्या मुलाला आज खेळायला मिळतंय ते अशाच कामामुळे.

आणि एक गोष्ट तुम्ही सोडून दिलीत. त्या सातांपैकी चार कप, 1964 ते 1967, गेलॉर्ड पॉवलेस ग्रीन गेल्समध्ये होता. मोहॉक मुलगा, सिक्स नेशन्सचा. दोनदा मिंटो कपचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. म्हणजे ओशावाने दार लावलं नव्हतं, उघडलं होतं.

पार्थचा बाबा, ब्रॅम्प्टन

गेलॉर्डचं नाव काढलंत ते बरं झालं, मी तिथेच येणार होतो. त्याला मैदानात किती मार बसायचा आणि काय काय ऐकावं लागायचं, हे जुने लोक अजून सांगतात. त्याचे वडील रॉस पॉवलेस स्वतः मोठे खेळाडू. हात उचलू नकोस, गोल करून हिशोब चुकता कर, ही त्यांची शिकवण. सतरा वर्षांच्या पोराने हे सगळं गिळलं, आणि कप कुणाच्या नावावर लागले? ओशावाच्या. माझं म्हणणं एवढंच आहे. जर्सीवर कुणाचं नाव होतं, याला अर्थ असतो.

सॅमन नदीकाठची वैशाली, न्यू वेस्टमिन्स्टर

तुम्ही दोघंही ओंटारियोच्या बाहेर बघायला तयार नाही! 1908 साली, म्हणजे टिळकांना मंडालेची शिक्षा झाली त्याच वर्षी, आमच्या गावच्या सॅमनबेलीजनी देशाच्या दुसऱ्या टोकाला, माँट्रियलला जाऊन शॅमरॉक्सना हरवलं आणि मिंटो कप पश्चिमेकडे आणला. ज्युनियरमध्येही 1988 चा एस्क्विमाल्टचा संघ आठवा. व्हिक्टोरियाचे गॅरी आणि पॉल गेट हे जुळे भाऊ त्यातले.

पार्थच्या बाबांना मात्र एक दुरुस्ती. मूळ लोकांचं पुनरागमन 1992 ला झालं, असं सूचित करू नका. स्क्वॉमिश लोकांचा नॉर्थ शोअर इंडियन्स हा संघ 1936 सालीच मॅन कपच्या, म्हणजे सीनियर अजिंक्यपदाच्या अंतिम लढतीला पोचला होता. ओरिलियाकडून हरले, पण पोचले होते. स्वतःच्या नावाने. तुमची कसोटी लावायची तर ती इथेही लावा.

मातीतला गडी

मला मूळ प्रश्नच चुकीचा वाटतो. बॉक्स लॅक्रॉस आणलं कुणी? 1931 साली हॉकी संघांच्या मालकांनी. उन्हाळ्यात रिंक रिकाम्या, त्यात मंदीचा काळ, म्हणून माँट्रियल कॅनेडियन्सच्या मालकांनी वगैरे व्यावसायिक लीग काढली. ती दोन वर्षंही धड चालली नाही, पण गवतावरचा खेळ मात्र कॅनडातून उठवून गेली. 1932 पासून मॅन कपही बॉक्सचाच झाला. मी कबड्डी मातीत खेळलो आणि ती मॅटवर जाताना बघितली. वेग वाढला, पण गुडघ्याला माती लावून मैदानात उतरण्याची गोष्ट गेली. विस्तीर्ण माळावर गावंच्या गावं खेळायची तो खेळ चार फळ्यांत कोंडला, त्याचा सुवर्णकाळ कसला शोधता?

ओशावाचा शेजारी

तुमचा कबड्डीचा दाखला मनाला लागला, तरी निष्कर्ष उलटा आहे. गवतावरचा खेळ तेव्हा आधीच मरायला टेकला होता, लोक बेसबॉलकडे वळले होते. बॉक्सने तो लहान गावात परवडेल असा केला. बारा-पंधरा पोरं, एक रिंक, बस्स.

ताई फ्रॉम किचनर

मी एकच सांगते. दोन वर्षांपूर्वी सिक्स नेशन्सच्या ओशवेकन गावाजवळच्या इरोक्वा लॅक्रॉस अरीनात अॅरोजचा ज्युनियर सामना बघायला गेले होते. माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या, मांडीवर ब्लँकेट, हातात कॉफी. त्यांचा नातू खेळायला आत उतरला की कॉफी खाली ठेवायच्या, तो बाकावर गेला की परत उचलायच्या. पूर्ण सामनाभर. कॉफी थंड झाली, पण नातवाचं आत उतरणं एकदाही चुकवलं नाही. मातीतल्या गड्यांना सांगावंसं वाटतं की बॉक्स आणला हॉकीवाल्यांनी, पण आज तो त्या आजींचा आहे. 1880 ला ज्या दारातून काढलं ते दार बराच काळ बंदच राहिलं, बॉक्सच्या रूपाने नवं दार मिळालं, आणि त्यातून हे लोक आत येऊन घरमालक झाले. 1992 नंतर 2007 आणि 2014 ला अॅरोजनी मिंटो कप नेला तो याच फळ्यांमधून.

पार्थचा बाबा, ब्रॅम्प्टन

वैशालीताई, 1936 ची दुरुस्ती मान्य. मला तो संघ माहीत नव्हता, आणि माझी कसोटी मी तिथे लावलीच पाहिजे. ताई, तुम्ही माझ्यापेक्षा नीट मांडलंत.

शेजारी, तुमचं निम्मं पटलं. बिशप यांनी पोरं घडवली, हे मुलांना सांगायलाच हवं, आणि माझ्या पहिल्या मजकुरात ते यायला हवं होतं. पण त्या संध्याकाळी पंधरा मिनिटांत गेलॉर्डचं नाव एकदाही आलं नाही. कपांची संख्या सांगितली, तो मार खाऊन गोल करणारा पोरगा गाळला. त्याच्या नावाचं अरीना ओशवेकनमध्ये उभं आहे आणि आमच्या मुलांना ते कुणाचं नाव आहे हे ठाऊक नाही. यावर मी मागे हटणार नाही.

ओशावाचा शेजारी

गेलॉर्डशिवाय ग्रीन गेल्स सांगणं चूक, हे शंभर टक्के मान्य. सुवर्णकाळ मी अजून 1963 ते 1969 च म्हणेन.

पार्थचा बाबा, ब्रॅम्प्टन

म्हणा. येत्या रविवारी पार्थला आणि त्याच्या दोन मित्रांना घेऊन ओशवेकनला चाललोय. आधी गेलॉर्डच्या नावाची पाटी दाखवणार, मग अॅरोजचा सामना. गाडीत पुढची एक जागा रिकामी आहे. बिशपची गोष्ट तुम्ही वाटेत पोरांना सांगा, तुमच्या तोंडून जास्त चांगली वाटेल.