ब्रशचे केसही बघा
"दूध-पनीर सोडलं की झालं व्हीगन" असं बरेच जण म्हणतात, पण व्हीगन म्हणजे प्राण्यांपासून आलेलं काहीच वापरायचं नाही, खाण्यातही न् वस्तूंतही. खाण्याचं तर आपल्या नागपुरात सोपंच आहे ना भाऊ, तर्री-पोहे काय, पाटवडी रस्सा काय, कशातच दूध नसतं. माझी गाडी अडली ब्रशपाशी. मागे सीताबर्डीत वॉटरकलरचा ब्रश घ्यायला गेली तर दुकानदारानं एक काढून दिला, मध्ये पांढरट पट्टा न् टोक काळपट, म्हणे ओरिजिनल मुंगसाचा आहे, पाणी मस्त धरतो. आता १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं मुंगूस मारणं, त्याच्या केसांचा धंदा करणं सगळंच बेकायदा, अन् हा बिनधास्त विकून राहिला! सिंथेटिक घेतला मग, पाणी थोडं कमी धरतो, चालतंय. आणि हो, काळ्या रंगाच्या ट्यूबवर पीबीके ९ (PBk9, रंगद्रव्याचा कोड) लिहिलेलं असेल तर तो हाडं जाळून केलेला असतो.