झ्यूग्मा: दीपक, श्लेष की सहोक्ती?

प्रश्न: एकच शब्द दोन पदांना जोडणाऱ्या, इंग्रजीतल्या ‘झ्यूग्मा’ या अलंकाराला मराठीत नेमका शब्द कोणता? एका टिपणात ‘दीपक’ असा प्रतिशब्द वाचला. तो चालेल का?

उत्तर: ‘दीपक’ जवळचा आहे, पण मला पुरता पटत नाही. का ते जरा सविस्तर लिहितो.

आधी शब्दाकडे पाहू. ‘झ्यूग्मा’ मूळचा ग्रीक, अर्थ जोडणी, जुंपणी. संस्कृत ‘युज्’ आणि ‘युग’, इंग्रजी ‘योक’ हे सगळे त्याच्याच गोतातले. त्या ‘युग’चंच प्राकृतातून घासत घासत आपलं ‘जू’ झालं. म्हणजे बैलांच्या मानेवरचं जू आणि हा भारदस्त ग्रीक अलंकार एकाच घरचे. (फरात नदीच्या काठी याच नावाचं एक प्राचीन नगर होतं. तिथे होड्यांचा पूल दोन्ही तीर जोडत असे, म्हणून हे नाव. आज ती जागा तुर्कस्तानात आहे आणि 2000 साली धरणाच्या पाण्याने नगराचा बराच भाग गिळला.)

एका शब्दाच्या जुवाखाली दोन पदं जुंपायची, ही अलंकाराची कल्पना. पण गंमत येते ती बैल विजोड असले की. इंग्रज कवी अलेक्झांडर पोपच्या ‘द रेप ऑफ द लॉक’ या काव्याच्या 1714 च्या वाढवलेल्या आवृत्तीत हॅम्प्टन कोर्टच्या राजवाड्याचं वर्णन आहे. तीन राज्यं जिची आज्ञा पाळतात ती ॲन राणी इथे ‘समटाइम्स काउन्सेल टेक, अँड समटाइम्स टी’, म्हणजे कधी सल्ला घेते, कधी चहा. ‘टी’चा उच्चार तेव्हा ‘टे’ असाही होत असे, म्हणून वरच्या ओळीतल्या ‘ओबे’शी यमक बसतं. राज्यकारभाराचा सल्ला आणि चहाचा पेला एकाच क्रियापदाला जुंपल्यामुळे दरबाराचं सगळं गांभीर्य क्षणात खाली येतं.

आता दीपक. भरताने नाट्यशास्त्रात जे चारच अलंकार सांगितले, उपमा, रूपक, दीपक आणि यमक, त्यांतला हा एक. उंबऱ्यावर ठेवलेला दिवा माजघर आणि ओसरी दोन्ही उजळतो, तसं एक पद दोन वाक्यांगांना प्रकाश देतं. पण तो प्रकाश दोन्हीकडे सारखाच पडतो. क्रियापदाचा अर्थ बदलत नाही, उलट दोन गोष्टींतलं साम्य सुचावं हाच हेतू असतो. पोपच्या ओळीत अर्थ बदलतो आणि त्या बदलातच सगळा जीव आहे. तेव्हा दीपकाला श्लेषाची जोड दिल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.

माझ्या मते त्याहून जवळची आहे ती सहोक्ती, म्हणजे ‘सह’ म्हणून दोन गोष्टी एकाच पदाला बांधायच्या. दंडीने ‘काव्यादर्श’ या संस्कृत काव्यशास्त्राच्या ग्रंथात तिचं उदाहरण दिलंय: ‘सह दीर्घा मम श्वासैरिमाः संप्रति रात्रयः’. माझ्या निःश्वासांबरोबर या रात्रीही आता लांबल्या आहेत. श्वास लांबणं वेगळं, रात्र लांबणं वेगळं, आणि ‘दीर्घ’ मात्र एकच! फक्त इथे विनोद नाही, विरह आहे.

मराठी बोलण्यात हे रोज घडतं. ‘पोट भरलं, पण मन नाही.’ ‘आधी पैसे खाल्ले, मग मार, शेवटी तुरुंगाची हवा.’ मला सगळ्यात आवडतं ते आमच्या मावशीचं वाक्य. मुलाची खुशाली विचारली की सांगायची, ‘यंदा नोकरी लागली त्याला, आणि चष्माही.’ हे वाक्य नीट ऐका. ‘लागली’ हे नोकरीशी जुळतं, चष्म्याला ‘लागला’ हवं. ते ‘लागला’ कुणी उच्चारत नाही, ऐकणारा मनात भरून घेतो. इंग्रजी क्रियापदाला लिंग नाही, त्यामुळे ‘टेक’ला सल्ला काय नि चहा काय, रूप तेच. आपल्याकडे जू एका बाजूला कललेलं कानाला कळतं. एक पद दोहोंपैकी एकाशीच व्याकरणाने जुळतं, या प्रकाराला जुने पाश्चात्त्य व्याकरणकार ‘सिलेप्सिस’ म्हणत. पुढे हे नाव अर्थ बदलणाऱ्या क्रियापदालाही लावलं गेलं आणि झ्यूग्मा–सिलेप्सिसची सीमा कुठे, यावर ग्रंथकारांत अजून एकमत नाही. त्या वादात मी पडत नाही.

वाचकाला लगेच कळावं म्हणून ‘क्रियाश्लेष’ म्हणावं असं सुचवतो. पण शिकवताना ‘जू’ची गोष्ट जरूर सांगावी.

शंका: मराठीत क्रियापद शेवटी येतं. मग इंग्रजीसारखा धक्का बसतो का? आणि क्रियापद नसेल तिथे काय करायचं? डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मधल्या मिस बोलो बाथ या इंग्लंडमधल्या गावी पत्त्यांच्या डावावरून उठतात आणि ‘इन अ फ्लड ऑफ टिअर्स अँड अ सिडॅन चेअर’, म्हणजे अश्रूंच्या पुरात आणि मेण्यात, घरी जातात. तिथे जू आहे ते ‘इन’चं.

उत्तर: पहिली शंका अगदी बरोबर. ‘सल्ला आणि चहा घेते’ म्हटलं की दोन्ही पदं आधीच समोर आलेली असतात, दचकायला काही उरत नाही. म्हणून मराठी माणूस क्रियापद पहिल्या पदानंतरच उरकून टाकतो आणि दुसरं पद मागून सोडतो: ‘नोकरी लागली, आणि चष्माही’. ‘कधी सल्ला घेते, कधी चहा’ हेही त्याच घाटाचं.

मिस बोलोंची अडचण खरी आहे. ‘अश्रूंच्या पुरात आणि मेण्यात’ असं केलं तर ‘त’ प्रत्यय दोनदा येतो, जू तुटतं. दोन दिवस ते वाक्य डोक्यात घोळत होतं. शेवटी ‘इन’ सोडून दिलं आणि क्रियापद शोधलं: मिस बोलोंच्या डोळ्यांतून पाणी निघालं, आणि दारातून मेणा.